कौलापलीकडची श्रद्धा : पंडिता रमाबाई यांच्या अध्यात्मजीवनाचा आलेख

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे चरित्र मराठीत अनेकदा लिहिले गेले आहे. देवदत्त नारायण टिळक यांच्या 'महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई' (१९६०) या ग्रंथापासून अलीकडच्या स्त्रीवादी अभ्यासापर्यंत त्यांच्या जीवनातील घटनांची नोंद पुष्कळ तपशिलाने झाली. तरीही या लेखनाचा कल बहुधा दोन दिशांना राहिला. समाजसुधारणेच्या अंगाने पाहणाऱ्यांना त्यांचे धर्मांतर ही कार्यात आलेली अडचण वाटली. धर्माच्या अंगाने पाहणाऱ्यांना तेच त्यांच्या आयुष्याचे शिखर वाटले. दोन्ही दृष्टींत धर्मांतर ही एकदाच घडून संपलेली घटना ठरते. रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनाची साक्ष याहून निराळी आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालचा. परंतु देवावर विसंबणे म्हणजे काय, हे आपल्याला त्यानंतर आठ वर्षांनी उमगले, असे त्या तेथे नमूद करतात. कोणता देव खरा, या प्रश्नाइतकाच त्या देवाशी माणसाचे नाते कोणत्या प्रकारचे असावे, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पडलेला होता.

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, देवाला कौल लावण्याची रीत सर्वपरिचित आहे. मूर्तीला लावलेले फूल अथवा तांदूळ उजवीकडून पडला की देवाची संमती, डावीकडून पडला की नकार. माणूस प्रश्न विचारतो, उत्तराची खूणही स्वतःच ठरवतो आणि त्या ठरवलेल्या खुणेने देवाने बोलावे अशी अपेक्षा करतो. ही वृत्ती कोणत्याही एका धर्माची मिरास नाही. जुन्या करारातील गिदोन लोकरीवर दव पडते की जमिनीवर, यावरून देवाच्या वचनाची खातरजमा करून घेतो. शुभवर्तमानांत मात्र चिन्ह मागणाऱ्या शास्त्री-परूश्यांना येशू योना संदेष्ट्याच्या चिन्हाखेरीज दुसरे चिन्ह देण्याचे नाकारतो, आणि मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकून देवाची परीक्षा पाहण्याचा मोहही परतवून लावतो. देवाने आधी खूण पटवावी व मग माणसाने विश्वास ठेवावा, हा क्रम तेथे उलटा झालेला आहे. रमाबाईंचे अध्यात्मजीवन हा क्रम उलटण्याचाच इतिहास आहे. तो सरळ रेषेत घडला नाही, म्हणूनच त्याची टप्प्याटप्प्याने तपासणी करणे आवश्यक ठरते.

१. व्रते, दाने आणि न आलेला देव

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकविले जात असलेले त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले होते. स्त्रीला ही विद्या देता येते, हा तेथे मिळालेला धडा त्यांनी पुढे स्वतःच्या घरात गिरवला. सनातन्यांचा विरोध पत्करून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या धाकट्या मुलीच्या मुखी घातली. कुटुंबाची मिळकत आतिथ्यात व दानधर्मात संपल्यावर हे सर्वजण तीर्थयात्रेला निघाले आणि पुराणे सांगत वर्षानुवर्षे भारतभर हिंडले. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना लहान वयातच मुखोद्गत झाले होते.

या पुराणवाचनाचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. देवळात, घाटावर किंवा झाडाखाली बसून मूळ संस्कृत संहिता मोठ्याने वाचली जाई. श्रोत्यांना तिचा अर्थ सांगण्याचा प्रघात नव्हता, कारण पवित्र शब्द कानी पडणे हेच पुण्यप्रद मानले जाई. ऐकणाऱ्याला पुण्य मिळे, वाचणाऱ्याला दक्षिणा. अर्थाची गरज दोघांनाही भासत नसे. रमाबाईंच्या उत्तरायुष्यातील वाङ्मयीन कार्याचा विचार करताना बालपणीच्या या अनुभवाकडे परत यावे लागते.

१८७४ पासूनच्या दुष्काळी वर्षांत या कुटुंबावर जे ओढवले, ते आत्मनिवेदनातील सर्वांत दाहक भाग आहे. शारीरिक श्रमाची सवय नव्हती आणि भीक मागणे कमीपणाचे वाटत होते. शास्त्रांत सांगितलेले उपाय तेवढे हाताशी होते. दागिने, चांदीची व पितळेची भांडी, उंची वस्त्रे एकेक करून विकली गेली आणि आलेला पैसा देवाला प्रसन्न करण्यासाठी दान म्हणून देण्यात आला. पवित्र कुंडात स्नान, मूर्तींना प्रदक्षिणा, मंत्रांचा जप हे सारे नेमाने चालू होते. देव प्रकट होईल, निदान आपल्या कृपेची एखादी खूण देईल, धन पाठवील, ही प्रतीक्षा दिवसेंदिवस चालली. अखेर तिरुपतीच्या परिसरातील रानात या कुटुंबाने अकरा दिवस पाणी, झाडांची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. ठरलेल्या अटी भक्तांकडून पुऱ्या झाल्या होत्या. देवाकडून काही आले नाही.

वृद्ध व दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले होते. ते घडण्यापूर्वी मुलगा श्रीनिवास याने कुळाचा अभिमान सोडून मोलमजुरी करण्याची तयारी दाखविली, आणि थोड्याच दिवसांत अनंतशास्त्री उपासमारीने थकून निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन आपण तिला देवाच्या हाती सोपवीत आहोत आणि तिने आयुष्यभर त्याचीच सेवा करावी, असे सांगितले. या निरवानिरवीत कोणतीही मागणी नव्हती. ज्या देवाने साऱ्या व्रतांना उत्तर दिले नाही, त्याच्याच हाती एक पिता मुलगी ठेवून गेला. पुढे ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाईंनी हे शब्द टाकले नाहीत. उलट आपल्या वाटचालीचा आरंभ म्हणून ते जपले. वडिलांपाठोपाठ काही महिन्यांतच आई गेली. प्रेत वाहून नेण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा मुलीलाही खांदेकरी व्हावे लागले. उंची कमी पडल्याने तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला. नंतर थोरली बहीणही पटकीने दगावली.

श्रीनिवास व रमाबाई ही भावंडे त्यानंतर पायी उत्तरेकडे गेली. कडाक्याच्या थंडीत झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून व अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. या भ्रमंतीतील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. उत्तरेकडील एका पवित्र तलावात सात तरते डोंगर असून निष्पाप यात्रेकरूने प्रार्थना केल्यास ते त्याच्याकडे तरत येतात, अशी ख्याती होती. पाण्यात मगरी असल्याचे सांगून पुजारी यात्रेकरूंना तलावात उतरू देत नसत. श्रीनिवास पहाटे कोणी नसताना पोहत गेला, तेव्हा ते डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेली माती, दगड व झाडे असल्याचे त्याला आढळले. दक्षिणा मिळाली की मागे दडलेला माणूस ते ढकलत किनाऱ्याशी आणीत असे. तिरुपतीला खूण आली नव्हती, येथे ती हुकमी येत होती. न येणाऱ्या खुणेपेक्षा येणारी खूण अधिक फसवी असू शकते, हा बोध रमाबाईंना विसाव्या वर्षापूर्वीच झाला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रमाबाईंनी बालपणीच्या धर्माचरणावर केलेली टीका कठोर आहे. पण त्या टीकेवरून संपूर्ण हिंदू भक्तिपरंपरेविषयी निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. त्यांनी मुखोद्गत केलेल्या भागवतातच निष्काम भक्तीचा गौरव आहे, आणि मराठी संतवाङ्मयात देवाशी व्यवहार करणाऱ्या भक्ताची निर्भर्त्सना वारंवार येते. डोंगरे कुटुंबाच्या वाट्याला या परंपरेचे कर्मकांडी अंग आले, आणि ते दुष्काळाच्या कसोटीवर उतरले. रमाबाईंचा भ्रमनिरास त्या अंगाविषयीचा आहे.

२. प्रमाणांचा शोध

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वत्सभेने रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. याच मुक्कामात त्यांनी ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना प्रथम पाहिली. समोर मूर्ती नसताना लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसलेले पाहून हे खुर्च्यांनाच भजतात की काय, असे त्यांना वाटले. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद दिला. धर्मशास्त्रे व उपनिषदे यांचे वाचन सुरू झाले आणि स्त्री व शूद्र यांच्या मोक्षाविषयी या ग्रंथांत त्यांना जे दिसले, त्याने उरलीसुरली श्रद्धाही डळमळली.

१८८० साली श्रीनिवास निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी जातीबाहेरील बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिलचर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने मरण पावले. चोविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर मूल आणि मागे कोणी नाही, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, हंटर आयोगापुढील साक्ष आणि 'स्त्रीधर्मनीति' या पहिल्या मराठी ग्रंथाचे प्रकाशन ही कामे त्या एका वर्षातील आहेत.

पुण्यात त्यांची नीलकंठ तथा नेहेम्या गोरे यांच्याशी गाठ पडली. गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री. ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ त्यांनी तरुणपणी संस्कृतात ग्रंथ लिहिला होता. पुढे १८४८ मध्ये त्यांनीच बाप्तिस्मा घेतला आणि नंतर षड्दर्शनांचे तर्कशुद्ध खंडन रचले. प्रमाण, प्रमेय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष ही त्यांची भाषा रमाबाईंच्या परिचयाची होती. रमाबाई इंग्लंडला गेल्यावर ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त असल्याची प्रमाणे गोरे यांनी त्यांना सविस्तर लिहून कळविली, आणि बुद्धीचे समाधान होण्यात या विवेचनाचा मोठा वाटा होता, असे रमाबाईंनी मान्य केले आहे. खुणेची जागा आता प्रमाणाने घेतली होती. मागणीची वस्तू बदलली. आधी मागणी व मग विश्वास, हा क्रम अद्याप तसाच होता.

१८८३ साली त्या वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या मठात दाखल झाल्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेऊन समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेला आश्रम दाखविला. पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा कुलीन स्त्रिया कशासाठी करतात, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. रमाबाईंच्या मनावर सर्वांत खोल ठसा या कथेचा उमटला. भरदुपारी विहिरीवर आलेल्या, समाजाने दूर ठेवलेल्या एका स्त्रीशी येशू बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो. ना रोगमुक्ती, ना भाकरींची वाढ. फुलहॅममधील स्त्रियांचे बदललेले जीवन हीच रमाबाईंपुढे आलेली साक्ष होती.

त्याच सुमारास त्यांच्या सोबतीस आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. या आघातानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. शुभशकुनाच्या भाषेत बोलायचे, तर याहून प्रतिकूल मुहूर्त शोधून सापडला नसता.

बाप्तिस्म्याने वाद मिटले नाहीत. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या १८८४ ते १८८६ या काळात शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. त्या वर्षांत सिस्टर जेराल्डीन व प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चची अधिकारवाणी यांपैकी जे स्वतःला पटले नाही ते स्वीकारण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरण्यासही त्यांचा विरोध होता. भारतीय भगिनींना न समजणाऱ्या लॅटिनपेक्षा संस्कृत शब्द असावेत, असा त्यांचा आग्रह होता. या आग्रहात स्वदेशाभिमान आहेच. त्याखेरीज, न कळणाऱ्या पवित्र शब्दांचे पुण्य त्यांनी लहानपणी पुरेसे पाहिले होते, हेही विसरता येत नाही.

याच काळात त्यांचे ऐकणे कमी होत गेले. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा मूळ संकल्प त्यामुळे सोडावा लागला आणि हे व्यंग शेवटपर्यंत राहिले.

३. अटी गळून पडतात

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेस गेल्या. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' (१८८७) या ग्रंथाने त्यांना तेथे वाचक व सहायक मिळवून दिले. बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आर्थिक भार उचलण्याचे मान्य केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. धर्माच्या बाबतीत तटस्थता हे या संस्थेचे जाहीर धोरण होते.

१८९१ साली रमाबाईंच्या वाचनात विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र आले. अनेक वर्षे धर्मोपदेश करीत असूनही आपला स्वतःचा पालट झालेला नव्हता, हे या धर्मगुरूला उशिरा कळले होते. रमाबाईंना त्यात आपलेच चित्र दिसले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाचे निदान त्यांनी आत्मनिवेदनात केले आहे. धर्म आचरून, सिद्धान्त तपासून, पात्रता मिळवून देवापाशी जायचे, या कल्पनेने त्यांना तिरुपतीपासून वाँटेजपर्यंत पोहोचविले होते. आता आपली पात्रता शून्य आहे आणि देवाचे प्रेम त्या शून्यासकट आपल्याला स्वीकारते, या जाणिवेपाशी त्या आल्या. हा अनुभव शांत होता. आत्मनिवेदनात दिव्यदर्शन वा आकाशवाणी नाही. वाचन, विचार आणि शरणागती आहे. चरित्रकारांनी या वर्षाकडे जेवढे लक्ष द्यावयास हवे होते, तेवढे दिलेले नाही.

या नव्या निष्ठेची किंमत लगेच मोजावी लागली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत व दार बंद ठेवीत नसत. मुली येऊन बसत. त्यांच्या दृष्टीने हे स्वातंत्र्य होते, टीकाकारांच्या दृष्टीने धर्मप्रसार. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांची तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती: तटस्थतेचे वचन आणि चालिकेची प्रकट भक्ती यांत ताण होता आणि पुण्यासारख्या ठिकाणी तो टिकणे अवघड होते. परंतु ही घटना रमाबाईंच्या बाजूने पाहिली, तर ज्या वर्षांत त्यांची श्रद्धा दृढ झाली, त्याच वर्षांत लोकमान्यता, मित्र आणि विद्यार्थिनी त्यांनी गमावल्या. यशाला देवाची खूण मानण्याची सवय असती, तर १८९३ साली त्यांना परत फिरावे लागले असते.

४. दुष्काळाची दुसरी भेट

जॉर्ज म्यूलर यांनी ब्रिस्टल येथील अनाथालये कोणापुढेही हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर चालविली होती. त्यांचे, तसेच चायना इनलँड मिशनचे वृत्तान्त रमाबाईंनी वाचले. हिंदुस्थानातही असे विसंबून राहता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला. दुष्काळापूर्वीच्या काळात लोणावळे येथील प्रार्थनाशिबिरात त्यांनी पंधरा मुलींच्या संख्येचा वर्ग, म्हणजे दोनशे पंचवीस मुली, देवाकडे मागितल्याचे आत्मनिवेदनात सांगितले आहे. वरवर पाहता ही पुन्हा खुणेची मागणी वाटते. पण ही संख्या मिळाली तरच विश्वास, अशी अट येथे नाही. आणि मागितले आहे ते ओझे आहे. तिरुपतीला धनाची याचना होती. लोणावळ्याला आणखी तोंडे पोसण्याची जबाबदारी मागितली गेली.

१८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी बायामुलींचे हाल कानी आले. आपल्या किशोरवयातील दुष्काळ रमाबाईंच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तीनशे मुलींना आश्रय देण्याचा निश्चय करून त्या निघाल्या. अमेरिकेतील असोसिएशनची मदत शारदा सदनाच्या ठराविक खर्चापुरती होती. या तीनशेंसाठी पैसा दिसत नव्हता. त्यातच पुण्यात प्लेग आला आणि शहरात एवढ्या मुली ठेवता येईनात. पुण्याच्या पूर्वेस रेल्वेमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तेथे तंबू व झोपड्या उभारून मुलींना ठेवण्यात आले. १८९८ साली या वसाहतीला मुक्ती हे नाव मिळाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील स्त्री-मुलांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या विसंबण्याला निष्क्रियता म्हणता येणार नाही. मुक्तीत विहिरी खणल्या गेल्या, शेती व फळबाग झाली, हातमाग, दुग्धालय आणि छापखाना उभा राहिला. बहुतेक कामे स्त्रियाच करीत. १८९७ साली पुण्याच्या प्लेग-रुग्णालयात स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी मुंबईच्या वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. सरकार नाराज होईल याची त्यांनी पर्वा केली नाही. डोंगरे कुटुंब दुष्काळात देवाची वाट पाहत बसले होते, कारण काम करणे त्यांना जमत नव्हते. त्याच कुटुंबातील उरलेली मुलगी दुसऱ्या दुष्काळात देवावर भार टाकून बैलगाडीने व रेल्वेने गावोगाव फिरली. दोन दुष्काळांमधील हे अंतर हीच तिच्या श्रद्धेची खरी वाटचाल होय.

५. खुणांचा वर्षाव

रमाबाईंनी खुणा मागणे सोडले आणि खुणा त्यांच्या दारी आल्या, हा त्यांच्या चरित्रातील चमत्कारिक योग आहे. वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्ता १९०५ च्या आरंभी केडगावला पोहोचल्या आणि मुक्तीत प्रार्थनामंडळे सुरू झाली. जूनअखेरीस तेथे जे संजीवन उसळले, त्याची वर्णने विलक्षण आहेत. मुली रात्रभर मोठ्याने प्रार्थना करीत, पापे कबूल करून रडत, अंगात अग्नी संचारल्याचे सांगत. पुढे काहीजणी अपरिचित भाषांत बोलू लागल्या. जागतिक पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव त्यामुळे कायमचे नोंदले गेले. मिनी एब्रम्स या त्यांच्या सहकारिणीने या अनुभवांवर पुस्तिका लिहिली, ती दूरदेशी वाचली गेली.

रमाबाईंची या काळातील भूमिका सूक्ष्म आहे. बाहेरच्या टीकाकारांनी या प्रकारांना उन्माद म्हटले, तेव्हा त्या मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. साध्या, अशिक्षित स्त्रियांच्या भावावेगाला पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या मापाने मोजू नये, असे त्यांचे म्हणणे होते. तथापि भाषादानासारख्या देणग्यांना त्यांनी विश्वासाची कसोटी होऊ दिले नाही. १९०७ साली संस्थेच्या पत्रात त्यांनी आपले मत मांडले: पवित्र आत्मा लाभल्याची आवश्यक अशी एकच खूण आहे आणि ती म्हणजे परिपूर्ण प्रेम, इतर देणग्या टाकाऊ नाहीत, पण त्या सर्वांनाच मिळाव्यात असेही नाही. तरत्या डोंगरांमागचा माणूस जिला ठाऊक होता, ती स्त्री खुणांना एकदम भुलली नाही. आणि त्या अनुभवापायी इतरांच्या अश्रूंना खोटेही म्हणाली नाही. संजीवनाच्या त्या गजरात तिचे स्वतःचे कान मंदच राहिले होते, ही गोष्ट येथे आठवते.

६. शब्द आणि शेवट

विसाव्या शतकाच्या आरंभापासून रमाबाईंनी बायबलच्या नव्या मराठी भाषांतराचा उद्योग हाती घेतला. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातील स्त्रियांना कळत नाही आणि तीतील काही शब्द जुन्या दार्शनिक कल्पना बरोबर घेऊन येतात, अशी त्यांची तक्रार होती. आपल्या भाषांतरात त्यांनी संस्कृत शब्द शक्य तेवढे टाळून बोलीतील साधे शब्द योजले. मूळ रचनेशी चिकटून राहण्याच्या हट्टामुळे ही भाषा जागोजागी खडबडीत झाली, हा तिचा दोष समीक्षकांनी दाखविला आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. संस्कृतवर असे प्रभुत्व असणाऱ्या विदुषीने संस्कृतचा मोह सोडावा, याचे मूळ मात्र त्या जुन्या पुराणवाचनात सापडते. नुसत्या श्रवणाने फळ देणारा शब्द हा एक प्रकारचा कौल होता. ज्याच्यावर विसंबायचे, त्याचे बोलणे आधी समजले पाहिजे, ही जाणीव या भाषांतराच्या मुळाशी आहे. जुळणी व छपाईही मुक्तीतील स्त्रियांनीच केली. दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या हातांनी या ग्रंथाचे खिळे लावले.

रमाबाईंची अखेरची कसोटी घरातलीच होती. मनोरमा आईच्या कार्यात उजवा हात झाली होती आणि तीच संस्थेची धुरा वाहील, असे सर्वांनी गृहीत धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती मरण पावली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी: रमाबाईंच्या आधी सर्वजण गेले. यावेळी देवाकडे जाब मागितला गेला नाही आणि कामही थांबले नाही. लिसा हेस्टी यांच्याकडे संस्थेची जबाबदारी सोपविण्याची व्यवस्था झाली आणि भाषांतराच्या तपासणीत रमाबाई पुन्हा गढून गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.

रमाबाईंच्या आयुष्यात खूण नाकारली जाणे, खूण बनावट निघणे, प्रमाणांनी बुद्धीचे समाधान होऊनही मन रिते राहणे, आणि न मागता खुणांची गर्दी होणे, अशा चारही अवस्था क्रमाने आल्या. यांपैकी कोणत्याही अवस्थेवर त्यांची अंतिम श्रद्धा उभी नव्हती. वडिलांनी मरताना ज्या रीतीने त्यांना देवाच्या हाती सोडले, त्याच रीतीने पुढे त्यांनी दोन हजार निराश्रित जीव, आपली संस्था, आपली मुलगी आणि आपले अपुरे काम सोडले. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले. ते बांधलेल्या रूपात हाती घेण्याचे समाधान रमाबाईंना लाभले नाही.